आईच्या बाजूची हवा

आबा, तुम्ही गेल्यावरही तुमची जीप मी अजून विकलेली नाही आणि आई अजून माझं ऐकत नाही, म्हणजे घरात सगळं तुमच्या वेळेसारखंच आहे. फरक एवढाच की आईला आता आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी त्याच जीपने शहाद्याहून नंदुरबारला न्यावं लागतं. मे महिन्यात प्रकाशा गावच्या पुलापर्यंत पोचेतो तिचा जीव कासावीस होतो. गेल्या खेपेला परतताना ती सीटवरच कलंडली. मी गाडी बाजूला घेऊन तोंडावर पाणी मारलं. घरी आल्यावर पाठ फिरवून म्हणाली, "मी आते येवाव नही. त्या गाडीमा जीव घाबरस." एकही खेप चुकली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. तिला ते ठाऊक आहे, तरी ती न येण्यावर हटून बसली. मग मीही हटून बसले. मुलगी कुणाची?

एसी बंद नव्हता. थंड हवा येत होती, पण सगळी समोरच्या काचेवर. तोंडासमोरच्या जाळ्यांतून साधी फुंकरही नाही. बटण चेहऱ्याच्या चित्रावर फिरवा नाहीतर पायाच्या, हवा आपली काचेला चिकटलेली. गॅरेजवाल्याने बघितलं न बघितलं आणि गॅस भरून दिला. काच तेवढी आणखी गार झाली.

तेव्हा तो दिवस आठवला. बसस्थानकामागचं तुमचं गॅरेज, पावसाळा, तोरणमाळला निघालेली कुणा मास्तरांची गाडी. काचेवर धुकं धरतंय आणि हवा नुसती पायाशी येतेय. मी नुकतीच गाडी चालवायला शिकलेय, म्हणजे मला सगळंच येतंय. मी पान्हा घेऊन डॅशबोर्ड खोलायला बसते आणि तुम्ही तो माझ्या हातून काढून घेता. "तुले धीरच नही शे. पहिले हवा कथा जाई ऱ्हायनी ते दख, मंग हात लाव." मग खिशातून कापसाचा पुंजका काढून, हवा कुठे जाते ते बघायला, तो एकेका जाळीपुढे धरत बसता. मास्तरांसमोर बोललात म्हणून मला इतका राग आला होता की त्या संध्याकाळी मी तुमच्या ताटात भाकरीसुद्धा वाढली नाही.

काल दुपारी मी देवघरातला वातींचा कापूस उचलला. आई खाटेवरूनच म्हणाली, "वातीना कापूस कसाले ली जाई ऱ्हायनी?" मी म्हटलं, "तुन्हासाठे." काचेपाशी कापूस उडाला, मधल्या जाळीपाशी ढिम्म. म्हणजे पंखा ठीक, गारवा ठीक, हवेची वाट तेवढी चुकलेली. समोरचा कप्पा उतरवला आणि बटण फिरवत आत काय हालतं ते बघत राहिले. तार हालत होती, हवा वळवणारी झडप हालत नव्हती. तारेचं टोक झडपेच्या दांडीवरून निसटलं होतं. दांडी बोटाने ढकलली तशी मधल्या जाळीपुढचा कापूस उडून माझ्या मांडीवर पडला. निसटलेलं टोक पुन्हा दांडीत अडकवून बारीक तारेने आवळलं. हात सोलून निघाला, पण धीर धरला. आईच्या बाजूची जाळी तरीही गप्पच. तिथला पाइप सांध्यातून सुटला होता, तोही बसवला. आई केव्हाची गाडीपाशी येऊन उभी होती. तिने माझ्या हातातून कापूस घेतला, स्वतःच्या जाळीपुढे धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "तुन्हा बाप बी असाच करे." मग कापसाचा पीळ करून तिथेच बांधून टाकला.

आज ती आली. पुलावर म्हणाली, "थंडी वाजी ऱ्हायनी, जरा कमी कर." मला इतका आनंद झाला की पंख्याऐवजी मी वायपरच चालू केला. आत्ता आत तिचं यंत्र सुरू आहे आणि मी बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. ऊन कितीही तापो, एकही खेप मी चुकू देणार नाही. हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नसतो, हे मलाही कळतं. घडी करून गाडीच्या कप्प्यात ठेवीन.

फक्त एक सांगते, आईला सांगू नका. आज पूल ओलांडल्यावर तिचा डोळा लागला, मान एका बाजूला पडली. तेव्हा मी आधी तो कापूस हालतोय ना ते बघितलं. श्वास चाललाय का म्हणून सरळ तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.