वाटीभर मेथी

अण्णा, आज ताथवड्याच्या कॉलेजात मी मुलांना रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा धडा शिकवला. यकृतात ती बनतात, पण तेवढ्यानं भागत नाही. के जीवनसत्त्वाच्या मदतीनं त्यांतल्या काहींना एक लहानसा रासायनिक गट जोडावा लागतो, तेव्हा कुठे ती कॅल्शियम धरतात आणि जखमेपाशी चिकटतात. हा जोड नसला तर प्रथिन रक्तात नुसतंच फिरतं. तुमची रक्त पातळ करायची गोळी हा जोडच कमी करायची, हृदयातल्या कृत्रिम झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून.

तेव्हा मी फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होते. डॉक्टर म्हणाले होते, "पालेभाजी रोज सारखीच खा, एकदम कमीजास्त करू नका." आई रोज वाटीभर मेथी नाहीतर पालक वाढायची आणि त्या हिशोबानंच गोळी ठरली होती. मग वर्गात ऐकलं, पालेभाजीतलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध जातं. पिंपळे गुरवच्या त्या दोन खोल्यांत येऊन मी भाजी बंद करून टाकली. चाकणच्या कंपनीत तुम्ही कुणाच्या डब्यातली मेथी खाल्लीत आणि घरी येऊन भोळेपणानं सांगितलंत, तेव्हा मी आईसमोर ओरडले, "जीव नकोसा झालाय का तुम्हाला?" तुम्ही खाली बघत म्हणालात, "तुला कळतंय बाई. तू म्हणशील तसं." मग विचारलंत, "या महिन्याला रक्त तपासायला जायचं का?" मी म्हणाले, "आता भाजीच बंद आहे, काय बिघडणार?"

तीन आठवड्यांनी दुपारच्या शिफ्टला तुम्ही डोकं दुखतंय म्हणून मशीनशेजारी बसलात, ते उठलाच नाहीत. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रक्त फारच पातळ झालंय, असं डॉक्टर म्हणाले. कशानं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उत्तर मला पुढच्या वर्षी पुस्तकात मिळालं. भाजी थांबली, गोळी तेवढीच राहिली आणि तिचा जोर वाढला.

आई अजून म्हणते, "त्या परक्या डब्यानंच घात केला." घरात मेथी शिजत नाही. परवाही ती तेच म्हणाली आणि मी मान हलवली. हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून मी कॉलेजच्या कपाटात ठेवणार आहे, अण्णा.