चाकावर चालणारा खडीचा गाडा

२ मार्च
घरात मीटिंग. हजर: मी, सत्यशीला आणि तिचा भाऊ बंकट. विषय: खालचं वावर. ते सत्यशीलेला तिच्या आईकडून, जानकीबाईंकडून मिळालेलं. वरच्या अंगाने कॅनॉल गेल्यापासून चिबड झालंय. पाय टाकला की घोटा आत. बंकटला तिथे माशांचं तळं करायचंय. सत्यशीलेला आईसारखा भुईमूग घ्यायचाय. मी शब्द दिला, की अक्षय तृतीयेपर्यंत वावर कोरडं करतो. चर खोदायचे, भोकाचा पाइप टाकायचा, वरून खडी. ती म्हणाली, की न्हाई झालं तर मग मी बंकटला हो म्हणते. म्हणू दे. तो प्रसंगच येणार नाही.

निश्चय: खडी घमेल्याने टाकायची नाही. मशीनने टाकायची.

५ मार्च, सकाळ
डिझाइन फायनल. ट्रॅक्टरमागे गाडा, गाड्याच्या तळाला पट्टा. पट्टा फिरला की खडी बाजूने चरात. प्रश्न एकच: पट्टा फिरवायचा कशावर? रात्री व्हिडिओ पाहिले. बाहेरच्या देशांत कोणी ट्रॅक्टरच्या पीटीओला, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्याला, शाफ्ट जोडतो, कोणी हायड्रॉलिकवर चालवतो, कोणी गाड्यावर वेगळं इंजिन बसवतो. सगळं शेवटी डिझेलवर. माझा पट्टा गाड्याच्याच चाकावर फिरणार. ट्रॅक्टर गाडा ओढणारच, चाक फिरणारच. चाकाला चेन, चेनला पट्टा. हे अजून कुणाला सुचलं कसं नाही?

दुपार
गेवराईच्या सोमनाथ वेल्डरला कागद दाखवला. म्हणाला, की दादा, पीटीओवर घ्या, गुमान चालंल. त्याला चाकाचं तत्त्व समजावलं. त्याने बराच वेळ कान खाजवला. पटलं असावं.

१९ मार्च
गाडा तयार. लाल रंग. नारळ फोडला. रिकामा गाडा डांबरीवर ओढून पाहिला, पट्टा झकास फिरतो. सोमनाथ विचारत होता, की चेन सोडवायला एखादी पिन ठिवू का. नको म्हणालो. चालत्या मशीनला थांबवायचं कशाला?

२१ मार्च
क्रशरवर गाडा काठोकाठ भरला. ट्रॅक्टरवर आमचा सालगडी रामहरी, पुढे मोटरसायकलवर मी. वावरात पोचलो तर गाडा रिकामा. खडी सगळी रस्त्यावर. पण थर पाहावा! कुठेही कमी नाही, जास्त नाही. मशीन पास.
रामहरीला विचारलं, की मागे बघितलं का नाहीस. म्हणाला, की तुमी पुढं व्हता, मी तुमच्याकडं बघत व्हतो.

संध्याकाळ
सरपंचांचा फोन. खडीवरून दोघे मोटरसायकलवाले घसरले, खरचटण्यावर निभावलं. रस्ता झाडून द्यायचं ठरलं. झाडणारे: मी आणि रामहरी.

२४ मार्च
चेन सोडवायला पिन बसवली. कल्पना माझीच.

३० मार्च, पाडवा
रामहरीचं साल संपलं. नवं साल धरताना त्याने एकच अट घातली. रस्ता झाडणार नाही.

५ एप्रिल
वावरात पहिली ट्रायल. चर तयार, पाइप टाकलेला. बंकट पांढरे कपडे घालून बांधावर. पिन लावली, ट्रॅक्टर निघाला. चाक फिरलं नाही. गाडा चिखलातून नुसता घसरत गेला. खडीचा एक खडा पडला नाही.
निष्कर्ष: कोरड्या जमिनीवर मशीन उत्तम चालतं. दोष जमिनीचा आहे. आधी वावर कोरडं व्हायला पाहिजे.
बंकट म्हणाला, की वावर कोरडं झाल्यावर खडी टाकायची कावून? असल्या प्रश्नांनी संशोधन मागे पडतं.

९ एप्रिल
विहिरीवरचं जुनं इंजिन काढून गाड्यावर बसवलं. वजन लई झालं. गाडा आसापर्यंत आत. इंजिन मात्र एका हँडलमध्ये चालू झालं, हे नोंदवून ठेवतो. ओढायला गेलेला ट्रॅक्टरही फसला.

१० एप्रिल
शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने आमचा ट्रॅक्टर निघाला. गाडा नाही निघाला. पीटीओ बरा, असं मी सुरुवातीपासून म्हणत होतो. सोमनाथने ऐकलं नाही.

१४ एप्रिल
सत्यशीला बोलत नाही. आज ताट ठेवताना एवढंच म्हणाली, की आईनं त्या वावरात हातानं शेंगा तोडून मला खाऊ घातल्यात. जेवण गेलं नाही. एका शब्दाने तरी भांडायचं.

१७ एप्रिल
ऊसतोडीहून माणसं परतलीत. सत्यशीलेने मला न विचारता भिवराबाईची टोळी लावली. घमेली आणली. बांधावर ओतलेल्या खडीच्या ढिगापासून चरापर्यंत माणसांची रांग, हातोहात खडी. ही पद्धत शास्त्रीय नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. भिवराबाई म्हणाली, की मालक, मधी जागा रिकामी हाय, उभं ऱ्हावा. देखरेखीसाठी उभा राहिलो.

२१ एप्रिल
कंबर. झोपून लिहितोय.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
सकाळी शेवटचा चर बुजवायला घेतला. तेवढ्यात खाली ओढ्याच्या काठी पाइपच्या तोंडातून पाणी सुरू झालं. आधी गढूळ, मग धार. सत्यशीला पळत गेली, ओंजळीत पाणी घेतलं. मी इकडून हात केला. तिने ते बंकटला नेऊन दाखवलं. तळ्याचा विषय संपला. तिचं वावर वाचलं याचा मला आनंद झाला. ओंजळ माझ्याकडे आली असती तर जास्त झाला असता.

दुपारी बायका भाकरी खायला गाड्याच्या आडोशाला बसल्या. भिवराबाईने विचारलं, की हे यंत्र चालतं तरी कशावर. मी तत्त्व सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच सत्यशीला म्हणाली, की चालत न्हाई वो, पण सावली लई गार हाय.
जेवणानंतर रांग पुन्हा उभी राहिली. मी माझ्या जागेवर गेलो. सत्यशीला म्हणाली, की तुमी सावलीतच बसा, रांग तुमच्यापाशी अडतीय.
बसलो. सावली खरंच गार आहे.