रुमालाखालचा हात

लातूर, ४ मार्च २०२४

ती. धुरपताआत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

गुडघ्याला तेल लावतेस, की नुसत्या सभाच गाजवतेस? आनंदाची बातमी आहे. बाबांचं नांदेडचं बंद घर अखेर विकलं जातंय. घेणारे रेल्वेतले रामलिंग. मी त्यांच्याशी परस्परच बोललो, मध्ये एजंट नाही. दलालीचे दोन टक्के वाचले, आमच्या बुद्धप्रियाच्या कॉलेजच्या फीला होतील. बाबांच्या मृत्युपत्राप्रमाणे घर तुझ्या-माझ्या नावावर, म्हणून २६ तारखेला रजिस्ट्रीला तुझी सही लागेल.

तुझ्या मायेतला,
रविकांत

नांदेड, ८ मार्च

चि. रविकांतला जयभीम आणि आशीर्वाद.

रामलिंगांचं नाव वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अरे, त्यांना तर नागप्पानेच आणलं होतं! बैठक माझ्याच घरी बसली. जनावरांच्या बाजारातला जुना दलाल तो, आता घरांचे सौदे जुळवतो. इथंही त्याने रुमाल पसरला, तुम्हा दोघांचे हात त्याखाली घेतले आणि बोटं दाबून भाव ठरवला. तू हसत हात दिलास. मग सौदा मोडला असं सांगून त्याला वाटेला लावलंस आणि मागच्या दाराने रामलिंगांकडे गेलास!

काल तो भर उन्हात नवं गिऱ्हाईक घेऊन किल्ली मागायला आला. आपल्याच्यानं सौदा टिकला न्हाई, ताईनं लई मनाला लावून घेऊ नये, अशी माझीच समजूत काढत होता. पाणी देताना माझी मान वर होईना.

वस्तीचं नाव ऐकून बाकीचे एजंट गल्लीत शिरले नाहीत. हा देगलूरचा माणूस वर्षभर इथं माणसं फिरवत राहिला. मजुरी बुडवणाऱ्यांवर मी जन्मभर तुटून पडले. आता घरचाच निघाला म्हणून गप्प बसू? त्याचं त्याला दे.

संतापलेली, तरी तुझीच,
आत्या

लातूर, १३ मार्च

ती. आत्यास जयभीम.

भाषण पोचलं. टाळ्या कोणी वाजवायच्या? नागप्पाशी लेखी काहीच झालं नव्हतं. कागद नसताना वसूल करणं त्याला जड जाईल, असं वकील म्हणाले. आणि कुलूप उघडून घर दाखवलं, यात एवढं काय मोठं? तुला नाव राखायचंय, मला फी भरायचीय. परक्यासाठी घरच्याला अडवू नकोस.

रविकांत

नांदेड, १७ मार्च

चि. रविकांत,

माझा बाप, म्हणजे तुझा आजा, सालगडी होता. वर्षभर राबून मजुरी मागितल्यावर मालकाने त्याला विचारलं होतं की लिहून कुठंय? त्या एका प्रश्नापायी त्याने दादाला, तुझ्या बाबांना, शाळेत घातलं. त्या दादाचा मुलगा शिकून-सवरून मालकाचंच वाक्य बोलतो!

परवा नागप्पाला मीच खरं सांगितलं. तो भांडला नाही. रुमालाची घडी घातली आणि आपलं काय चुकलं, एवढंच विचारलं. याचं उत्तर तू द्यायचंस, मी नाही.

रजिस्ट्रीला मी येईन, नागप्पाला घेऊन. तो रुमाल पसरेल. तू आणि रामलिंगांनी त्याखाली पुन्हा हात घालायचे आणि त्याच्या हक्काचं त्याला द्यायचं. मग माझी सही. त्याची खुर्ची रिकामी दिसली, तर माझीही रिकामीच समज.

बुद्धप्रियाला आशीर्वाद. माया अडलेली नाही, सही तेवढी अडली आहे.

धुरपताआत्या