शेवटचं प्यादं

बाबा, मी पुन्हा बुद्धिबळ खेळायला लागले आहे. मोबाइलवर. समोर माणूस दिसत नाही. कुठल्या तरी देशात बसलेला असतो आणि त्याच्या नावाच्या जागी नुसती अक्षरं न् आकडे. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी रिसेप्शनवर असते, डब्याच्या सुट्टीत एक डाव होतो. जेवताना खेळू नये म्हणाला असतात. जेवून खेळते.

माझा खेळ न बघताही तुम्ही ओळखाल. सुरुवात भिकार. प्यादं पहिल्यांदा दोन घरं टाकता येतं हे ठाऊक असूनही हात एकच घर सरकवतो, कारण तुमच्या पटावर तोच नियम होता. पहिल्या दहा खेळींतच मी अडचणीत येते. मोहरे कमी झाले की मात्र माझी गाडी रुळावर येते. तीन वर्षांत अकराशे गुणांवरून चौदाशेच्या उंबरठ्यावर पोचले आणि तिथेच अडकले. त्याचं कारण तुम्ही.

महाल भागातलं आपलं चष्म्याचं दुकान, मे महिन्याची दुपार, शटर अर्धं खाली. मी अकरा वर्षांची. शेजारच्या भांडेवाल्या काकांचे सगळे मोहरे मी एकेक करून खाल्लेत. शेवटचं प्यादंही उचलते आणि खिदळते. काकाही हसतात, पण तुम्ही हातातलं भिंग खाली ठेवता. "बुर्जी झाली. एकटा राजा उरला का डाव अर्धाच. एवढी हावरी काहून झाली वं? माणसाले नागवं करून जिंकू नाही." मग तुम्ही ते प्यादं मला परत पटावर ठेवायला लावलंत, आणि मात करायला मला तासभर लागला. प्यादं पळतंय, मी घरं मोजतेय, मोजता मोजता रडतेय, आणि तुम्ही कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू आवळत बसलाय. तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता. आज मी जे डाव हरता हरता वाचवते, ते सगळे त्या एका तासाच्या जिवावर. हे तुमच्यापाशी कधी बोलले नाही. तुमचे फार उपकार आहेत, बाबा.

पण समोरच्याचं शेवटचं प्यादं माझ्याने मारवतच नाही. मग डावाला दिलेली माझी वेळ तरी संपते, नाहीतर त्या प्याद्याचा वजीर होतो. मुलगा कपाळावर हात मारतो. "आई, काहून सोडून राहिली ते? घेऊन टाक ना!" आता त्याला काय सांगू, आजोबा रागावतील म्हणून?

गेल्या रविवारी चौदाशेला एकच डाव बाकी होता. मुलगा मागे उभा. मी जीव मुठीत धरून ते प्यादं मारलं. समोरच्याच्या राजाला शह नव्हता आणि हलायला एकही घर नव्हतं. डाव बरोबरीत, दोघांना अर्धा अर्धा गुण. मुलगा ओरडला, आणि मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

काल पुन्हा तशीच वेळ आली. या खेपेला घरं मोजली, त्याच्या राजाला हलायला एक जागा ठेवली आणि मग प्यादं मारलं. चार खेळींत मात. चौदाशे झाले. "आजोबांचा नियम मोडला, वाईट वाटतं रे," असं मी मुलाला म्हणाले. खोटं बोलले, बाबा. फार मजा आली.