फुलांचे दिवस आणि आखूड दांडी

२१ ऑगस्ट, सकाळी सात
नामाक्वालँडच्या माळावर वसंताची रानफुलं आली, रेडिओवर सांगितलं. फार तर तीन-चार आठवडे टिकतात. डॉक्टर स्पष्ट बोलले आहेत: माझ्या बायकोच्या, हेस्टरच्या नजरेचा मधला भाग जातोय, पुढच्या वसंतात रंग ओळखू येतील याची खात्री नाही. म्हणजे यंदाच. शनिवारी निघायचं. व्हॅन पन्नास वर्षांची आहे, पण माझ्या हाताखालची आहे.

२४ ऑगस्ट, शनिवार
गल्लीच्या टोकाला बंद पडली. फ्युएल पंप गेला, इंजिनात पेट्रोल चढेना. हेस्टर हॅट घालून आत बसून राहिली. गॅरेजवाला अप्पोलिस नेमका तिथूनच जात होता. म्हणाला, गिडियन ऊम, माझ्याकडे लोटत आणा, वीस मिनिटांचं काम आहे. म्हटलं, नको, आपण शेतकरी माणसं, काहीतरी तोड काढतोच. तो म्हणाला, हो ना, चर्चचा ऑर्गनही तुम्हीच दुरुस्त केलात, दोन वर्षं झाली नुसतेच गातोय आम्ही. 'ऊम' म्हणजे काका. नुसतं म्हणून काय उपयोग, स्वरातही आदर हवा.

३० ऑगस्ट
केपटाउनहून नवा पंप आला. सोबत पंप हलवणारी दांडी. जुनीच्या शेजारी धरून पाहिली तर चांगली आठ मिलिमीटर आखूड. हल्ली सगळ्यात काटकसर. फेकली. जुनीच घातली.

३१ ऑगस्ट
खटखट, खटखट, मग शांतता. पंपाची आतली पट्टी तुटली. माल हलका. दुसरा मागवला.
हेस्टर म्हणाली, चर्चच्या बायकांची बस गुरुवारी जातेय, एक जागा आहे. मी म्हटलं, बस त्यांना हवी तिथे थांबणार. व्हॅन तू म्हणशील तिथे थांबेल. ती म्हणाली, बरं.

५ सप्टेंबर
बस गेली. हेस्टर फाटकाशी उभी राहून हात हलवत होती. बस वळून गेल्यावरही हलवत होती.

९ सप्टेंबर
दुसरा पंप. दांडी पुन्हा आखूड. पुन्हा जुनीच घातली, तत्त्वाचा प्रश्न आहे. पट्टी तुटली. कंपनीला कडक पत्र लिहायचं.

१२ सप्टेंबर
हेस्टरने कॉफी कपाच्या बाहेर ओतली. म्हणाली, कप हलला. मी म्हटलं, हो, हललाच. पत्र लिहायचं राहिलं.

१६ सप्टेंबर
मला न विचारता तिने अप्पोलिसला फोन केला. त्याने आपला पंप आणला, त्याची आखूड दांडी बसवली. घड्याळ लावून पाहिलं: अठरा मिनिटं. म्हणाला, ऊम, नव्या पंपाला जुनी दांडी लांब पडते, दर फेरीला त्याच्या पोटात गुद्दा बसतो. मी म्हटलं, मला संशय होताच.

१९ सप्टेंबर, कामीसक्रून, नामाक्वालँड
साडेपाच तास. व्हॅन एकदाही अडली नाही. फुलांच्या राखीव माळाच्या फाटकावरच्या बाईने तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाली, तीन दिवस पूर्वेचा गरम वारा सुटला होता, आता पाहायला काही उरलं नाही. हेस्टर पलीकडच्या दाराने उतरत होती, तिने ऐकलं नसावं.

फुलं उन्हाकडे तोंड करतात, म्हणून तिला उन्हाकडे पाठ करून उभं केलं. तिने विचारलं, काय काय आहे? समोर वाळके देठ आणि धूळ. मी म्हटलं, नारिंगी, पार टेकडीपर्यंत. मध्ये पांढऱ्याचा पट्टा. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, गिडी, मला मधलं दिसत नाही रे, कडेचं दिसतं.

बसमध्ये एक जागा होती. ती मी तिला घेऊ दिली नाही. माल हलका नव्हता.

परतताना म्हटलं, पुढच्या वर्षी लवकर निघू. ती म्हणाली, निघू की. तू आजच्यासारखं सांग, फक्त पांढरा पट्टा जरा रुंद कर.

व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली. पुढचं दिसेना मला. तिने माझा गुडघा चाचपला, विचारलं, पुन्हा पंप गेला का?

मी म्हटलं, हो.