सहाव्या रिळाचा वारस

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, थिएटरातला निवृत्त ऑपरेटर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या माघारची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना ते माझ्या मनगटी घड्याळाकडे सारखे का बघत होते, हे मात्र समजले नाही.

१. राहती खोली मुलीला. जावयाने कुलूप ताबडतोब बदलावे. शेजारणीकडे जादा किल्ली असल्याचा मला दाट संशय आहे.

२. प्रोजेक्टर, पडदा व व्हायकिंग चाच्यांच्या जुन्या सिनेमांचे सर्व डबे खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला. दर रविवारी दुपारी आम्ही एक सिनेमा लावतो. पत्र्याची शिंगे, डिंकाने चिकटवलेल्या दाढ्या, आणि वल्हे मारणाऱ्या एका शूरवीराच्या हातात चक्क घड्याळ! हसून हसून पोट दुखते. बायको होती तेव्हा कोणाची दाढी आधी निसटेल यावर पैज लावायची, आणि जिंकायची.

३. धाकट्या भावाला काहीही देऊ नये. बायकोच्या सर्वांत लाडक्या सिनेमाचे सहावे, म्हणजे शेवटचे रीळ त्याने लांबवले. ती गेली त्या आठवड्यात सहावा डबा रिकामा निघाला, आणि घरात राहायला तोच होता. वर मलाच म्हणतो, "दादा, मी रीळ नेऊन करू काय? माझ्याकडे मशीन तरी आहे का?" चोराच्या उलट्या बोंबा. नऊ वर्षे मी त्याच्याशी बोललेलो नाही आणि तो सिनेमाही लावलेला नाही.

४. वरील डबे आज शिंप्यासमक्ष मोजले. पेटीच्या तळाशी त्या सिनेमाचा पाचवा डबा निघाला. शिंपी म्हणाला, "काका, हा एकच डबा एवढा मोठा कसा?" उघडून फिल्म उलगडली. पाचव्या रिळाच्या शेवटाला सहावे जोडलेले. जोड माझ्याच हातचा. तिच्या आजारपणात रीळ बदलायला थांबलो की तिचा डोळा लागायचा, शेवट राहून जायचा. म्हणून मीच दोन्ही रिळे एका मोठ्या चकरीवर घेतली होती. ती गेली आणि मी सगळे विसरलो. मला माझीच लाज वाटते.

५. सबब कलम ३ रद्द. प्रोजेक्टर व सर्व डबे धाकट्याला. शिंप्याला फक्त पडदा. त्याने पडद्याच्या पँटी शिवू नयेत.

६. माझ्या मरणाची वाट न पाहता याची नक्कल आजच धाकट्याला पोचवावी. धाकट्या, चुकलो. रविवारी चारला ये. सहावे रीळ मला एकट्याने बघवणार नाही.

ज्याला वाटा त्याची साक्ष नको, असे वकील म्हणतात, म्हणून साक्षीला नाइलाजाने पुढील दोघे.

स्थळ: माझी खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर, गुरुवार
सही: ऑपरेटर

साक्षीदार:
१. डॉक्टर (घड्याळ त्यांना मिळणार नाही, याची कल्पना दिली आहे.)
२. शेजारीण (स्वतःच्या हाताने लिहिते: ऑपरेटरभाऊ, किल्ली आहे माझ्याकडे. वहिनींनीच दिली होती. म्हणाल्या, "मी गेल्यावर यांच्याकडे जरा लक्ष ठेवा.")