फोनची पंगत

११ ऑगस्ट, सोमवार

न्हाई, मला कॅमेराबिमेरा काही नको. मला फकस्त कीर्तन पाह्यचंय — असंच सांगितलं म्या सोमेश्वरला. भाकरी मोडता मोडता तेनं विचारलं व्हतं, "माय, तुला काय करायचा टचचा फोन?" पोटचा पोरगा, पण चौकशी तलाठ्यावाणी करतो.

आमच्या घरात फोनची पंगत बसती. नवा आला की आधी सोमेश्वर. तेचा जुना सुनेला, मनीषाला. मनीषाचा मला. माहा बटनाचा डबा माह्या दिराला, तातेराव भाऊजींना. म्हणून वर नवा निघाल्याबिगर खाली कोणाच्या हातात काही पडत न्हाई. येत्या सोमवारी नवा निघून राह्यला म्हणे. चार माणसं एका फोनची वाट पाहून राह्यलीत, अन् पैसे एकटा सोमेश्वर देणार.

१२ ऑगस्ट

भाऊजींच्या फोनला दोन रबर लावलेत. एक काढला तर पाठ पडती, दुसरा काढला तर बॅटरी. आज विचारत व्हते, "वहिनी, लाच कधी हाये?"

"कशाची लाच?"

"फोनची. सोमेश्वर म्हणत व्हता ना, अठराला लाच."

म्हणलं, भाऊजी, लाँच म्हणत्यात तेला. पण तुम्ही तहसीलमधी लई चकरा मारल्या, तुमची काही चूक न्हाई.

संध्याकाळपस्तोर बोलले न्हाईत माह्याशी. चहा मातर दोनदा पिले.

१४ ऑगस्ट

भाऊजी भोकरदनहून पळतच आले. बाजारातल्या मोबाईलच्या दुकानावर मोठी पाटी लागलीय — नव्या फोनची फ्री बुकिंग! गडी नाव लिहून आला. आपलं लिहिलं, माहं लिहिलं, शेजारच्या नंदाबाईचं बी लिहिलं. नंदाबाईनं खुशीत आम्हाला वाटीभर शेंगदाण्याची चटणी आणून दिली.

सोमेश्वर कामावरून आला. तो भोकरदनलाच बी-बियाण्याच्या दुकानात कामाला हाये. तेनं कपाळावर हात मारला. "काका, फ्री न्हाई, प्री. प्री-बुकिंग. आधी पैसे भरायचे, मंग वाट पाह्यची."

भाऊजी म्हणले, "आधी पैसे अन् मागून वस्तू? हे कोणतं गाव?"

चटणी आम्ही वापस केली न्हाई. निम्मी खाल्ली व्हती.

१५ ऑगस्ट

सकाळी सकाळी दुकानवाल्याचा मला फोन. "दुर्गाबाई, ॲडव्हान्स भरता ना?" म्हणलं, भरते की, पण आधी सांगा, तुमचं ते प्री केव्हा फ्री होणार? तेनं ठेवून दिला.

दुपारी नंदाबाई आल्ती. मनीषाच्या फोनवर कोणाच्या तरी बारशाचे फोटो पाहून राह्यली. पाहता पाहता पटकन म्हणली, "तुमच्या दैवशालाचं काही कळतं का हो?" सोमेश्वर तिथंच व्हता. उठून भाईर गेला. तीन वर्षं झाली. माह्या लेकीनं, दैवशालानं संघपालशी लग्न केलं, तवापासून तिचा भाऊ तिचं नाव घेत न्हाई अन् दुसऱ्याला घेऊ देत न्हाई. जातीच्या भाईर गेली म्हणतो. भाकरी थापत ऱ्हायले. एक करपली.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज निघाला. चौघं बी सोमेश्वरच्या फोनपुढं बसलो. काळ्या बनियनमधला एक माणूस इकडून तिकडं फिरत इंग्रजी बोलून राह्यला. फोन तोंड बघून उघडतो म्हणे. म्या सोमेश्वरला म्हणलं, तुहं बसकं नाक बघून उघडंल का रे? मनीषा पदरात हसली.

मंग किंमत आली. चोवीस हजार नऊशे नव्व्याण्णव.

सोमेश्वरनं अठरा धरले व्हते. भाऊजी म्हणले, "सरळ पंचवीस काहून म्हणत न्हाईत? तो एक रुपया कोणाला ठेवला?"

सोमेश्वरनं फोन पालथा केला. "नको. जुनाच चालंल."

पंगत उठली. पानं वाढायच्या आधीच.

१९ ऑगस्ट

गावभर एकच विषय. घेणारा एक न्हाई, अन् महाग महाग म्हणणारे पन्नास.

भाऊजींचा हिशोब येगळाच — "एवढ्यात दोन बकऱ्या येत्यात वहिनी. बकरीला पिल्लं होत्यात. फोनला होत्यात का?"

म्हणलं, होत्यात की. आपल्या घरात एक आला की तीन खाली होत्यात.

हसले. पण तेनं काही माही सोय लागत न्हाई. सोमेश्वर हटत न्हाई. मनीषानं बी लाडीगोडी लावून पाह्यली. न्हाईच म्हणला. मला फोन लागतोच. ह्या महिन्यातच लागतो. कीर्तनासाठी.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

माहा फोन गेला. बैलं धुताना कमरेला व्हता, शिंगं रंगवून झाली तवा न्हाई. सगळ्यांनी शोधला. सोमेश्वरनं लावून पाह्यला — बंद. भाऊजींचा संशय बांड्या बैलावर. तेनं माह्या कमरेपाशी तोंड घातलं व्हतं, ते खरं हाये.

"पण मंग वाजत काहून न्हाई?"

"पोटात रेंज कुठून येईल," भाऊजी म्हणले.

बांड्याला पुरणपोळी मातर दोन जास्तीच्या दिल्या म्या. उगंच आळ आला बिचाऱ्यावर.

२४ ऑगस्ट

भाऊजी दोन दिवसांपासून काडी घेऊन बांड्याच्या मागं उभे. शेण पडलं की हे वाकलेच. तेंच्या हक्काचा डबा व्हता ना तो. गावातली लेकरं जमायलीत पाह्यला.

म्या म्हणलं, भाऊजी, निघाला तर आधी पुसून कानाला लावा.

२५ ऑगस्ट

सोमेश्वर म्हणला, "माय, रानात एकटी असतीस. फोनबिगर बराबर न्हाई." मला वाटलं, आला ताळ्यावर. तर म्हणतो, "उद्या बटनाचा नवा आणतो तुला. बाराशेत येतो."

हातातली भाकरी ताटात ठेवली म्या. पण म्या लई शांत आवाजात म्हणलं, आण बाबा, पण भाऊजींना दे. बैलानं तेंच्या वाट्याचा गिळलाय. मी म्हातारी राहीन तशीच. रानात पाय मुरगळला तर आरोळी मारीन. नंदाबाईच्या बांधापस्तोर जातो माहा आवाज.

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी म्हंजी वहिनीच." सोमेश्वर ताटावरून उठेस्तोर माह्याकडं पाहत न्हवता.

२६ ऑगस्ट

सोमेश्वरनं बटनाचा आणला. भाऊजी शेणापासून सुटले. नव्या फोनचं पहिलं बोलणं तेंनी मलाच केलं — "वहिनी, हॅलो" — मी समोरच बसले व्हते, अन् माह्याकडं फोनच न्हवता. नुसतेच बोलले.

मी दिवसभर पाय ओढत चालले. डावा. दुपारून चुकून उजवा वढला. मनीषानं पाह्यलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

घेतला! महालक्ष्म्यांच्या सणाची सूट व्हती दुकानात, बाकी हप्त्यानं. सूट किती, तर दीड हजार अन् एक कव्हर फुकट. सोमेश्वर रस्त्यानं येईपस्तोर कुरकुरत आला म्हणे — डब्यात चार्जर बी देत न्हाईत आता, तेचे येगळे. भाऊजी म्हणले, "उद्या बैल घेतला तर शिंगं येगळी घ्या म्हणतील." कव्हर मातर तेंनी दहादा हातात घेऊन पाह्यलं. "हे फ्री हाये ना? मंग मी खोटं काय बोललो व्हतो?"

मंग पंगत बसली. सोमेश्वरचा मनीषाला. मनीषाचा मला. वरच्या कोपऱ्यात तडा गेलाय, पण मधला भाग लख्ख हाये. मनीषानं माहं नवं सिम टाकून आणलं. दुकानवाल्यानं नंबर तोच दिला. मला शिकवलं — इथं दाबा आत्याबाई, इथं फोटो येत्यात, इथं बोलताना माणूस दिसतो.

"कीर्तन कुठं हाये ते न्हाई विचारलं तुम्ही," ती म्हणली.

म्हणलं, इचारते उद्या.

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या बसल्या. माहेरवाशिणी म्हणून सोमेश्वरनं दोघींना उंबऱ्यातून हातानं घरात आणलं, कुंकवाची पावलं काढून.

बांड्यानं काही गिळलं न्हाई. फोन ज्वारीच्या कोठीत व्हता. दुपारी सगळे आडवे झाले की काढायचे, बोलायचे, बंद करून परत दाबायचे. ह्या वहीला बी खोटंच सांगितलं, मनीषा चाळती म्हणून. आता वाचती तर वाचू दे.

दैवशाला अडीच वर्षांपासून बोलती माह्याशी. जालन्याला हाये. सात महिन्यांची पोरगी हाये तिला. फोटो धाडते म्हणायची, अन् त्या डबड्यात कधी दिसला न्हाई. आज दिसली. हसत व्हती.

नाक सोमेश्वरचं हाये. तेवढंच बसकं.